आधी 'लेमन' बाजूला ठेवा, मग बोलू

तुमचा प्रश्न वाचून हसूच आलं, कारण हाच घोळ मीही घालून बसलोय. पुढच्या महिन्यात तोक्योला जॉइन होताय, वेलकम पार्टीनंतर सगळी टीम कराओकेला जाते असं सीनियरने सांगून ठेवलंय, जपानी भाषेची एन-फोर परीक्षा (खालून दुसरी पातळी) झालीये, जपानी गायक योनेझू केन्शी आवडतो आणि त्याचं 'लेमन' स्लो आहे म्हणजे सोपं जाईल ना, असं विचारताय.

नाही जाणार. फास्ट गाण्यात एक शब्द सटकला तरी कुणाला कळत नाही, पुढची ओळ आलेली असते. 'लेमन'मध्ये सटकलेला शब्द खोलीभर ऐकू येतो. वर त्याला इंट्रो जवळजवळ नाहीच, माइक तोंडाशी नेईपर्यंत 'युमे नाराबा' सुरू, सूर कुठून पकडणार? मग ए-मेलो, म्हणजे आपल्या भाषेत कडव्याची सुरुवात, एकदम खालच्या आवाजात आणि साबी म्हणजे ध्रुवपद आलं की भस्सकन वर. योनेझूच्या बऱ्याच गाण्यांचा हाच प्रॉब्लेम आहे, माणूस खालीही आरामात गातो आणि वरही, आपण दोन्हीकडे लटकतो.

पेटीवर बसणाऱ्यांसाठी सांगतो, 'लेमन'चा मेजर सा पांढरी सातचा. कराओकेच्या टॅबलेटवर 'की' म्हणजे पट्टी खाली-वर करायचं बटण असतं, एकदा दाबलं की अर्धा सूर, म्हणजे दोनदा खाली दाबलंत की आलात पांढरी सहावर. साबी जमत नाही म्हणून लोक चार-पाच वेळा दाबतात आणि मग कडव्यात नुसती घरघर ऐकू येते. दोन, फार तर तीन. आणि की बदलली म्हणून लाज वगैरे वाटून घेऊ नका, जपानी लोक बिनधास्त बदलतात.

आता उच्चार. आपण मराठी लोकांना वाटतं जपानी आपल्याला सोपी, अक्षर दिसतं तसं म्हणायचं. बोलताना खरंय ते, गाताना फसतो. पहिल्याच ओळीत 'योकात्ता देश्यो' आहे. आपण 'त्ता' पटकन मारून मोकळे होतो, पण तिथे जो अडकलेला त् आहे ना त्याला स्वतःची पूर्ण मात्रा असते, आणि 'श्यो' मधला ओ दीर्घ, म्हणजे आणखी एक मात्रा. आपल्याकडे ओ ऱ्हस्व आणि ओ दीर्घ असा फरकच नाही, त्यामुळे कान पकडत नाही. यो, का, त्, ता, दे, श्यो, ओ, अशा सात मोजा. स्क्रीनवर अक्षरांचा रंग सरकत जातो त्याच्याकडे बघा, तुम्ही पुढे आणि रंग मागे असं झालं की समजा मात्रा खाल्लीत. कांजीवर, म्हणजे त्या अवघड चित्रलिपीतल्या अक्षरांवर, छोट्या अक्षरात हिरागाना ही उच्चार सांगणारी सोपी लिपी दिलेली असते, वाचायची काळजी नको.

तिसरी गोष्ट, आणि इथे माझी फजिती. २०१९ मध्ये एका कलीगच्या लग्नानंतरच्या सेकंड पार्टीत मी मोठ्या तोऱ्यात 'लेमन' लावलं. चाल आवडायची, महिनाभर घोकलं होतं, अर्थाकडे बघितलंच नव्हतं. ते गाणं गेलेल्या माणसासाठीचं आहे हो! २०१८ च्या 'अननॅचरल' नावाच्या टीव्ही सीरियलसाठी केलेलं, ती सगळी पोस्टमॉर्टेम करणाऱ्या टीमची गोष्ट, आणि गाणं लिहीत असतानाच योनेझूचे आजोबा वारले होते. नवरदेव हसून टाळ्या वाजवत होता, नवरीची आजी मात्र माझ्याकडे अशी बघत होती की मी दुसरं कडवं न गाताच बंदचं बटण दाबलं. ऑफिसच्या पार्टीत एवढं कुणी मनावर घेणार नाही, बिलबोर्ड जपानच्या लोकप्रिय गाण्यांच्या वार्षिक यादीत २०१८ आणि २०१९ अशी लागोपाठ दोन वर्षं ते पहिलं होतं, तेव्हापासून सगळ्यांनी गाऊन गाऊन चोथा केलाय. पण तीच तर अडचण, प्रत्येकाला सूर न् सूर पाठ आहे.

मग गायचं काय? मी असतो तर 'पापरिका'. २०१८ चं, लिहिलंय आणि चाल लावलीये योनेझूनेच, मूळ गायलंय फूरिन नावाच्या पाच मुलांच्या ग्रुपने. टीममध्ये ज्यांना लहान मुलं आहेत त्यांना त्याचा डान्ससुद्धा येतो, तुम्ही दोन ओळी गाईपर्यंत अर्धी खोली उभी. फक्त लावताना बघा, योनेझूने स्वतः गायलेलं व्हर्जनही मशीनमध्ये असतं, ते संथ आणि जरा उदास आहे, ते नको.

दुसरं 'उचिआगे हानाबी', २०१७ चं, दाओको या गायिकेबरोबरचं ड्युएट. सुरुवात तिची, दुसरं कडवं त्याचं, पुढे दोघं मिळून. कुणी जोडीला मिळालं तर अर्धी जबाबदारी गेली, आणि तिचा भाग चालू असताना तुम्हाला सूर कानात बसवायला वेळ मिळतो. 'पीस साइन' ॲनिमेवाल्यांचं लाडकं पण शब्द धावतात, एन-फोरवर नको. 'लूझर' तर विसराच. 'किक बॅक' कुणी दुसऱ्याने लावलं तर त्यातल्या 'दोर्योकु मिराई'ला जोरात ओरडा, बास. (ती ओळ मुळात मॉर्निंग मुसुमे या मुलींच्या ग्रुपच्या २००२ च्या गाण्यातली, त्यामुळे चाळिशीतले मॅनेजरही ओरडतात.) निवांत शिकायचं असेल तर २०१४ चं 'आइने क्लाइने', माझं स्वतःचं सगळ्यात आवडतं, पण पहिल्या पार्टीला नाही.

शोधताना एक गंमत. योनेझूचं नाव हिरागानात टाइप करताना सगळे 'झु' म्हणून 'सु'च्या अक्षरावर दोन टिंबं देतात आणि मग सापडत नाही म्हणून टॅबलेट फिरवत बसतात, मीही बसलोय. योनेझूमधला झु म्हणजे 'त्सु'च्या अक्षरावर दोन टिंबं. उच्चार सारखाच, अक्षर वेगळं.

मार्क देणारा मोड कुणी चालू केलाच तर भावगीतं गायची सवय असलेल्यांनी जपून. खालून सूर ओढत आणला की मशीन ते 'शाकुरी' म्हणून मोजतं, मुरकी घेतली की 'कोबुशी' म्हणून. माझ्या एका गाण्यात एवढ्या कोबुशी निघाल्या की बॉस म्हणाले, हा एन्का, म्हणजे जुन्या वळणाची हरकतींनी भरलेली जपानी गाणी, का गात नाही? सरळ गा, हरकती घरी ठेवा.

जायच्या आधी एकदा एकट्याने जाऊन या. हितोकारा म्हणतात, त्यात विचित्र काही नाही, वीकडेला दुपारी स्वस्त पडतं. दोन तासांत की ठरते आणि आकडा मोबाइलमध्ये लिहून ठेवायचा.

आणि 'लेमन'? गा की, पण सहा महिन्यांनी, टीम ओळखीची झाल्यावर. त्यात मधेमधे बदक दाबल्यासारखा 'क्वेक' असा आवाज येतो, आठवतंय? तो तुम्ही काढू नका. आमच्याकडे एक साठीचे अकाउंट्सवाले आहेत, स्वतः कधी गात नाहीत, पण 'लेमन' लागलं की तेवढ्यासाठी दुसरा माइक धरून बसतात.