श्रद्धा आणि मानसोपचार : वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : पापनिवेदन करून आल्यावरही काही सांगायचे राहिले असे वाटते आणि त्याच गोष्टीसाठी मी धर्मगुरूंकडे पुन्हा पुन्हा जातो. हा विवेकबुद्धीचा आवाज की आजार?

उत्तर : तुम्ही सांगितलेली लक्षणे ओसीडीच्या (नको असलेले विचार आणि त्यांपायी पुन्हा पुन्हा केली जाणारी कृती यांच्या मानसिक आजाराच्या) एका प्रकाराशी जुळतात, निदान मात्र तज्ज्ञाने प्रत्यक्ष तपासूनच करायचे असते. शंका, निवेदन, घटकाभर दिलासा आणि पुन्हा शंका असे हे चक्र असून, धर्मगुरूंनी मायेने दिलेले प्रत्येक आश्वासन त्याला नकळत खतपाणी घालते. उपचारात शंका मनात असतानाही निवेदन न करण्याचा सराव टप्प्याटप्प्याने करवून घेतला जातो. जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांनी १५२२च्या सुमारास स्पेनमधील मान्रेसा येथे हाच छळ सोसला. अगदी स्पष्ट असेल तेवढेच जुने पाप सांगावे, अशी आज्ञा त्यांना मिळाली. पण त्यांना सगळीच पापे स्पष्ट वाटत असल्यामुळे ती आज्ञा निरुपयोगी ठरली. हे उदाहरण मला त्यातल्या अपयशासाठीच मोलाचे वाटते, कारण नियम लावण्याचे काम रुग्णाच्या शंकाग्रस्त निर्णयावर सोडले की नियमच शंकेचा विषय होतो. म्हणून एकच धर्मगुरू, ठरलेली वेळ आणि पुनरुक्तीला स्पष्ट नकार, असे धर्मगुरू व मानसतज्ज्ञ यांनी तुमच्या संमतीने मिळून ठरवावे. प्रामाणिक निवेदनात विसरून राहिलेल्या पापांचीही क्षमा होते, ही कॅथलिक शिकवण या उपचाराच्या आड येत नाही.

प्रश्न : मला नैराश्य आहे. विश्वास उणा पडला म्हणून हे झाले, औषधे सोडून प्रार्थना वाढव, असे पाळकसाहेब म्हणतात.

उत्तर : डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध बंद करू नका. आजारामुळे एकाग्रता आणि आनंद घेण्याची क्षमता घटते, त्यामुळे प्रार्थनाही कोरडी वाटते. त्यावरून विश्वासाचे माप काढणे चूक आहे. बायबलमधील ‘१ राजे’ या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात एलीया संदेष्टा मरण मागतो, तेव्हा त्याला आधी झोप, भाकर आणि पाणी मिळते, आणि देवाचा प्रश्न त्याच्यापुढे येतो तो बऱ्याच नंतर. ८८वे स्तोत्र तर अंधारातच संपते, तरीही ते प्रार्थना म्हणूनच पवित्र शास्त्रात आहे.

प्रश्न : मी समुपदेशन शिकते आहे. सत्रात प्रार्थना करावी का?

उत्तर : स्वतःहून सुचवू नये, कारण मदतीसाठी आलेल्या माणसाला नकार देणे जड जाते. त्याने मागितल्यास तिचा त्याला काय उपयोग वाटतो हे आधी विचारावे. नेमका दुखरा विषय निघताच प्रार्थनेची मागणी होत असेल, तर त्या टाळाटाळीविषयीच बोलावे.