२१४७४८३६४७ मूळ संख्या आहे म्हणून ती संगणकात सारखी दिसते का? आणि संगणक नसताना ती मूळ असल्याचं कसं तपासलं?

पहिल्याचं उत्तर: नाही. ३२ बिटांत (बिट म्हणजे ० किंवा १ ची एक जागा) धन-ऋण पूर्णांक साठवायचे तर एक बिट चिन्हाकडे जातो. उरलेल्या ३१ बिटांत सगळे १ भरले की २^३१ − १, म्हणजे हीच संख्या येते. १६ बिटांत हाच प्रकार केला तर ३२,७६७ मिळतात, आणि ते आहेत ७ × ३१ × १५१. ६४ बिटांतल्या कमाल संख्येलाही ७ ने भाग जातो. ३२ बिटांच्या वाट्याला मूळ संख्या आली हा निव्वळ योगायोग.

खरी गंमत दुसऱ्या प्रश्नात आहे. ती मूळ असल्याची गणितज्ञ ऑयलरची सिद्धता १७७२ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचं वर्गमूळ ४६,३४० च्या जरा पुढे. तिथपर्यंतच्या मूळ संख्या पावणेपाच हजारांच्या घरात. एकेकीने भागत बसणं म्हणजे शिक्षाच. पण २^३१ − १ हे रूप विभाजकांवर कडक अटी घालतं.

समजा, क हा तिचा मूळ विभाजक आहे. मग २^३१ ला क ने भागल्यावर बाकी १ उरते. फर्माच्या प्रमेयामुळे २^(क − १) चीही बाकी १. ३१ स्वतः मूळ असल्याने क − १ ला ३१ ने भाग जायलाच हवा. क विषम, म्हणून क − १ ला ६२ नेही भाग जातो. शिवाय २^३२ ची बाकी २ येते, म्हणजे २^१६ चा वर्ग इथे २ सारखाच वागतो. असं फक्त ८ ने भागून १ किंवा ७ उरणाऱ्या मूळ संख्यांच्या बाबतीतच घडतं. दोन्ही अटी जुळवल्या की क ला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ एवढीच उरू शकते. अशा संख्या मर्यादेच्या आत ३७२ च आहेत (खुद्द १ आणि ६३ सोडून, त्या मूळ नाहीत), आणि त्यातल्याही बऱ्याच संयुक्त. आता हे काम कागदावर उरकण्याजोगं आहे! एकीनेही भाग जात नाही.

हिला २^३० ने गुणलं की परिपूर्ण संख्या मिळते, म्हणजे स्वतःखेरीज बाकी सगळ्या विभाजकांच्या बेरजेइतकी असलेली संख्या. याहून मोठी परिपूर्ण संख्या कधी सापडणार नाही, असं गणितज्ञ पीटर बार्लोने १८११ मध्ये लिहून ठेवलं होतं. १८७६ मध्ये गणितज्ञ ल्युकाने २^१२७ − १ मूळ असल्याचं दाखवलं; तिच्यापासूनही तशीच परिपूर्ण संख्या बनते, त्यामुळे ते भाकीत खोटं ठरलं.

संगणकात तिच्या मूळ असण्याचा उपयोग मात्र होतो, तो यादृच्छिक, म्हणजे कुठल्याही क्रमाशिवाय आल्यासारख्या वाटणाऱ्या, संख्या बनवताना. १ पासून २१४७४८३६४६ पर्यंतची कुठलीही संख्या घ्या, १६,८०७ ने गुणा, २१४७४८३६४७ ने भागून बाकी घ्या आणि त्या बाकीवर पुन्हा तेच करा. पहिली संख्या परत येण्याआधी मधली एकूण एक संख्या नेमकी एकदा येऊन जाते.