पैसे दिल्याशिवाय वही उघडत नाही

प्रश्न : मुलगा आठवीत आहे. गणिताची गोडी लागावी म्हणून सोडवलेल्या प्रत्येक सरावसंचामागे 20 रुपये देऊ लागलो. सुरुवातीला वह्या भरल्या. आता पैशांशिवाय वही उघडत नाही, उघडली तरी मागची उत्तरं पाहून उतरवतो. रात्रीची लाईट असली की केळीला पाणी द्यायला मात्र न सांगता येतो. काय करावं?
— एक पालक, चोपडा तालुका

उत्तर : भाऊ, पैसे वही भरण्याचे ठरले होते आणि त्याने वही भरली. सौदा त्याने पाळलाच. 1973 साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी चित्रांची आवड असलेल्या बालवाडीच्या मुलांवर प्रयोग केला. बक्षीस आधी कबूल करून ज्यांना बसवलं, ती मुलं पुढे मोकळ्या वेळात चित्रांकडे कमी वळली. ज्यांना ते अचानक मिळालं, त्यांची आवड टिकली. तुमच्या मुलाला गणित आधीही फारसं आवडत नसावं, म्हणून हे जसंच्या तसं लागू करू नका. पण घोळ आधी ठरवलेल्या मोबदल्यात आहे, शाबासकीत नाही.

चालू प्रकरणाचे पैसे देऊन टाका, पुढे बंद. शिक्षा म्हणून बंद केले असं त्याला वाटता कामा नये.

उतरवणं हा बहुतेक वेळा आळस नसतो, मागचं कच्चं राहिलेलं असतं. सहावीची अपूर्णांकांची 10 उदाहरणं द्या. 7-8 आली तर सातवीची द्या, नाहीतर पाचवीची. जिथे 7-8 जमतील तिथून सुरुवात.

डेसी आणि रायन या मानसशास्त्रज्ञांच्या मते मन लावून शिकायला तीन गोष्टी लागतात : आपल्या मर्जीला वाव, जमतंय ही जाणीव आणि आपलं माणूस सोबत. केळीत त्याला तिन्ही मिळतात, म्हणून तो येतो. मग गणितही तिथलंच घ्या. झाडाला ताशी 4 लिटरचे दोन ड्रिपर, द्यायचंय 16 लिटर, व्हॉल्व्ह किती वेळ उघडा? लाईट दीड तासात गेली तर झाडामागे किती पाणी कमी पडलं? हिशोब त्याला करू द्या, उत्तर सांगायची घाई तुम्ही करू नका.

झोपेचं मात्र बघाच. या वयाला 8 ते 10 तास लागतात. मोटारीला ऑटो बसवा, म्हणजे लाईट आली की ती आपोआप सुरू होईल; जागरण झालंच तर दुसऱ्या दिवशी नवीन प्रकरण नको, 20 मिनिटं उजळणी पुरे. मानसशास्त्रज्ञ मास्लोने 1943 मध्ये शरीराच्या गरजा आधी मांडल्या, पण तो क्रम पक्का नाही हेही त्यानेच लिहिलं. पोरगं अर्धवट झोपेतही शिकतं, फक्त कमी शिकतं.

प्रश्न : वर्गात पावरी (पावरा आदिवासींची बोली) बोलणारी मुलं आहेत. उत्तर येत असूनही गप्प बसतात.
— एक शिक्षिका, धडगाव

उत्तर : मराठी चुकली तर हसतील, ही भीती. आधी जोडीत दोन मिनिटं पावरीत बोलू द्या, मग दोघांतल्या एकाने मराठीत सांगावं, रोज आळीपाळीने. नाहीतर एकच हुशार मूल कायमचं दुभाषी होतं. प्रश्न विचारून मनात पाच आकडे मोजा. शिक्षक सहसा सेकंदभरच थांबतात, तेवढ्यात वाक्य जुळत नाही.