चुलीची काजळी

पत्र थोडक्यात असं :

सासरी तीन पिढ्यांचा शोभेच्या दारूचा धंदा आहे. यात्रा, उरूस, लग्नं, सगळ्यांच्या सुपाऱ्या असतात. नऊ वर्षं हिशोब मी लिहिते, कागदाच्या नळ्या वळते, वाती करते. घरातलं सिलिंडरचा नंबर लावण्यापासून सगळं माझ्याकडेच. यंदा यात्रा कमिटीनं सत्कार केला तेव्हा दोघा भावांना फेटे आणि थोरल्या जाऊबाईंना साडी मिळाली. माझं नाव माइकवर आलंही नाही. मागच्या आठवड्यात दुसरीतल्या लेकीच्या वहीवर काळे ठसे पडले म्हणून बाईंनी शाळेत बोलावलं. चुलीची काजळी असेल म्हणून सांगून आले, पण त्यात दुपार गेली, हिशोब राहिला आणि जाऊबाईंची बोलणी खावी लागली. शेड गळते म्हणून सध्या वाती माजघरातच वाळत घालतो, त्यामुळे दिवसभर घरात हेच. मालक काही बोलत नाहीत. वेगळं व्हावं का? हिस्सा कसा मागू?
– एक सून, तासगाव तालुका

अगं,

मुलीसारखं ‘तू’ म्हणा असं लिहिलंयस, म्हणून म्हणते. आणि मुलीला बोलावं तसंच बोलणार आहे.

तुझ्या पाच पानी पत्रात फेटा चार वेळा आलाय. जाऊबाई तर प्रत्येक पानावर आहेत. लेकीच्या बोटांना मात्र एकच ओळ मिळाली, तीसुद्धा हिशोब का राहिला याचं कारण म्हणून. त्या ओळीपुढचं वाचायला मला बराच वेळ लागला.

चुलीची काजळी म्हणे! सिलिंडरवर स्वयंपाक होणाऱ्या घरात सात वर्षांच्या पोरीच्या बोटांना काजळी कुठून लागेल? ते डाग कशाचे हे तुला तिथे शाळेतच ठाऊक होतं. ठाऊक नसतं तर ‘बघते हं, कशाचे आहेत’ म्हणाली असतीस. तू लगेच कारण तयार ठेवलंस. खरं सांगितलं तर बाई काय म्हणतील, हे तुला आधीच कळलेलं होतं.

माझं माहेर त्याच भागातलं. वाती कशा करतात ते मी पाहिलंय. सुती दोरा दारूच्या पातळ खळीत बुडवायचा, दोन बोटांत धरून निथळायचा आणि काठीवर टाकायचा. शेवया वाळत घालाव्यात तशा त्या लोंबतात. लहान पोराला शेवया दिसल्या की ते खालून ओढतं, तसंच तुझी लेक या वातींना हात लावत असणार. किंवा तिला तू दोऱ्याचं एक टोक धरायला सांगत असशील. पत्रात नाहीये, पण ठसे फक्त बोटांचे असतील तर मला दुसरं काही सुचत नाही.

घरात कुणीतरी म्हणत असेलच की ओल्या वातीला काय होतंय. ओली आहे तोवर नाही होत. पण तुम्ही ती वाळवताय, पंख्याखाली. वाळलेली वात वाकवली की तिच्यावरची दारू भुरभुर खाली पडते. ती फरशीच्या सांध्यात बसते, सतरंजीत बसते, परकराच्या काठात बसते, पोरीच्या दप्तरात जाते. त्याच माजघराच्या एका भिंतीला देवघर असेल, पलीकडे गॅस. सगळ्यांच्या अंगावर नायलॉनचे गाऊन, थंडी सुरू झाली की त्यांतून तडतड ठिणग्या निघतात. आणि नळ्या तू वळतेस, तेव्हा हे तुला मी शिकवायचं कारणच नाही : उघडी वात सुरसुरत सावकाश जळते, पण तीच कागदाच्या नळीत घातली की सेकंदात कित्येक मीटर धावते. म्हणून तर एका काडीवर अख्खी रांग पेटते आणि लोक टाळ्या वाजवतात. तयार नळ्यासुद्धा माजघरातच ठेवलेल्या असतील, तर दाराकडे पळायला कुणाला वेळ मिळणार नाही.

मी या कलेची वैरीण नाही. कवठे एकंदला दसऱ्याच्या रात्री सिद्धराजाच्या पालखीपुढे आभाळात फुटणारे औट सुटतात, तेव्हा लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून मी ते पाहिलेत. कोळसा कुठल्या काटकीचा, बीडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, कीस किती जाड ठेवला की दारूच्या झाडाची फुलं जास्त वेळ टिकतात, हे सांगणारी माणसं मला कायम मोठी वाटत आली. तुझे सासरे त्यातलेच असतील. म्हणूनच त्यांचा राग जास्त येतो. लोखंडी हत्यार दारूला लावायचं नाही, हे ज्यांना कळतं, त्यांना नातीची बोटं दिसली नाहीत?

पण पत्र तू लिहिलंयस, म्हणून बोलणं तुझ्याशी.

परवाना नुसता माणसाच्या नावावर नसतो, तो जागेचाही असतो. एका वेळी पंधरा किलोपर्यंतची दारू करायची तर जिल्हाधिकाऱ्यांकडून, त्यापुढे गेलं की ‘पेसो’कडून, म्हणजे स्फोटकांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या नागपूरच्या खात्याकडून. तुमच्याकडे जो कुठला असेल त्यात तुमच्या माजघराचा उल्लेख नाही, हे मी न बघता सांगते. आणि २००८ च्या स्फोटकांच्या नियमांत अठरा वर्षांखालच्या कुणालाही अशा जागेत कामाला लावणं तर सोडच, पाऊलही टाकू द्यायचं नाही. तुम्ही कामाची जागाच उचलून तिच्या अंथरुणाशेजारी आणलीत.

तर आता मी सांगते ते कर. वेगळं व्हायचं की नाही, ते नंतर.

उद्या उजाडल्यावर, देवाचा दिवा लावायच्या आणि गॅस पेटवायच्या आधी, लेकीला शेजारी पाठव. सुती साडी नेस. फोन बाहेर ठेव. मालकांना बरोबर घे. बोलत नाहीत म्हणतेस, नको बोलू देत, हात तर आहेत. वाती, नळ्या, दारूचं जे काही घरात असेल ते न आपटता, न ओढता, सावकाश शेडवर ने. तिथे गळत नाही असा एखादा कोपरा असेलच. कोपराही नसेल तर वाती पाण्याच्या बादलीत बुडव. नुकसान होईल, होऊ दे. मग माजघर ओल्या फडक्यानं पूस, दोनदा, तीनदा. झाडू अजिबात फिरवू नकोस. दारूतला सोरा पाण्यात विरघळतो, तेव्हा पाण्याला कंजुषी नको. सतरंज्या आणि पोरीचे कपडे भिजत घाल.

मग सासऱ्यांपुढे उभी राहा आणि सांग की शेडचे पत्रे बदलेपर्यंत मी एकही वात करणार नाही. ‘घरात’ हा शब्द घालू नकोस, नाहीतर ते सोप्यात करायला सांगतील. ते चिडतील. सुपारी घेतलीय, तारीख जवळ आलीय, शब्द दिलाय म्हणतील. तुझ्या हातची वात नसेल तर तारीख पाळता येणार नाही, हे त्यांना तुझ्याआधी कळेल. नऊ वर्षांत तुझी किंमत त्यांनी मोजली नाही म्हणतेस ना? मग हिशोबाची वही घेऊन जा. पत्रे, वासे, मजुरी काय होईल ते तूच आकडे मांडून दाखव. यात्रेची बिदागी काय आली तेही त्याच वहीत आहे.

जाऊबाई काय म्हणतील याचा विचार यात कुठेही करू नकोस. त्यांची पोरंही त्याच घरात झोपतात.

हिश्श्याबद्दल एवढंच सांगते, तो मागायला मी तुला मदत करीन. वकिलाला काय काय कागद दाखवायचे तेही लिहून पाठवीन. पण शेडला नवे पत्रे पडल्याचं तुझं पत्र आल्यावर. त्याआधी नाही. माजघरात वाती लोंबत असताना मी तुझ्याशी फेट्याबद्दल बोलणार नाही.

आणि एक. सोमवारी लेकीला शाळेत सोडायला तूच जा. बाई भेटतील तेव्हा थांब आणि सांग, त्या दिवशी मी खोटं बोलले, ती काजळी नव्हती, दारू होती, आता घरातून काढलीय. लाज वाटेल. बाई कदाचित चार शब्द सुनावतील, ते ऐकून घे. घराबाहेरच्या एका माणसाला हे माहीत झालं की पुढच्या पावसात, शेडचा पत्रा पुन्हा उडाला आणि सासरे ‘दोनच दिवस’ म्हणाले, तर तुला नाही म्हणायला सोपं जाईल. बाई पोरीची बोटं बघतीलच.