खासदाराने संसदेत किती चर्चांत भाग घेतला, यावरून तो कामाचा आहे की नाही हे ठरवता येतं का?

नाही ठरवता येत.

तुम्ही लिहिलंय की कांदिवलीत सोसायटीच्या गेटवर जो गुळगुळीत कार्यअहवाल वाटला, त्यात 'संसदेतील चर्चांत सहभाग' म्हणून तीन आकडी संख्या आहे, आणि ती देशाच्या सरासरीपेक्षा जास्त आहे. असाच एक अहवाल आमच्या मेहुण्यांनी गणपतीत आरतीनंतर सगळ्यांसमोर नाचवला होता. खासदार वेगळा, पक्षही वेगळा, पण आकडा असाच टपोरा. त्या रात्री आकड्यामागच्या नोंदी एकेक करून उघडल्या, म्हणून हे उत्तर.

आकडा खोटा नसतो. तो बहुतेक वेळा संसदेच्या कामाच्या नोंदी ठेवणाऱ्या पीआरएस या संस्थेच्या पानावरून उचललेला असतो आणि ती मंडळी संसदेच्या अधिकृत नोंदींवरूनच मोजतात. घोळ आहे तो बेरजेत. अर्थसंकल्पावर वीस मिनिटं बोललं की एक. शून्य प्रहरात, म्हणजे तातडीचे विषय मांडायच्या वेळात, एक मिनिट बोललं, तरी एकच. आणि नियम ३७७ खाली एखाद्या विषयाचा लेखी कागद दिला, तोही एक. संत्री, लिंबं आणि मोसंबीच्या बिया एकाच टोपलीत मोजल्यासारखं.

पीआरएसच्या पानावर प्रत्येक चर्चेची तारीख, विषय आणि प्रकार दिलेला असतो. प्रकारावर बोट ठेवून खाली या. मेहुण्यांच्या यादीत निम्म्याहून जास्त नोंदी शून्य प्रहर आणि ३७७ च्या निघाल्या. ३७७ म्हणजे २५० शब्दांच्या आतला मजकूर, एका सदस्याला आठवड्यातून एकदाच. अनेकदा पीठासीन अधिकारी सांगतात की कागद सभापटलावर ठेवा, म्हणजे न वाचता नुसते जमा करा, की सगळ्यांचे कागद 'ठेवले' असं धरलं जातं. सभागृहात तोंडही उघडलेलं नसतं, पण 'विषय मांडला' ही ओळ उमटते. कागद बहुधा स्वीय सहायकाने टाइप केलेला असतो. त्यात गैर काही नाही, पण त्याला चर्चा म्हणू नका.

आता खरी गंमत. अहवालात एका भाषणाला 'लोकलच्या गर्दीवर संसदेत गर्जना' असं शीर्षक होतं, खाली मूठ आवळलेला फोटो. तारीख घेतली, त्या दिवसाची नोंद उघडली, रेल्वेच्या अनुदान मागण्यांपर्यंत (खात्याच्या खर्चाला मंजुरी मागणाऱ्या प्रस्तावांवरची चर्चा) खाली आलो. भाषण होतं, चांगलं पान-दीड पान. पण सुरुवातीला फुली होती आणि तळाशी बारीक अक्षरांत टीप: भाषण सभापटलावर ठेवले. रेल्वे आणि अर्थसंकल्पावरच्या चर्चा रात्री उशिरापर्यंत चालतात, बोलणाऱ्यांची यादी संपत नाही, मग उरलेल्यांना लेखी भाषण पटलावर ठेवायची मुभा मिळते. गर्जना टेबलावर ठेवलेली होती!

असं भाषण तळटीप न बघताही ओळखता येतं. बोललेल्या भाषणात मध्येच '(व्यवधान)' येतं, अध्यक्ष 'आता संपवा' म्हणतात, वाक्यं अर्धवट तुटतात, वगळलेल्या शब्दांच्या जागी फुल्या असतात. पटलावर ठेवलेलं भाषण निबंधासारखं गुळगुळीत असतं, कुणी अडवत नाही, घंटा वाजत नाही. मेहुणे म्हणाले, "अहो, मुद्दे तर मांडलेत ना?" मांडलेत. मग 'गर्जना' कशाला छापता?

तुम्हाला तपासायचं असेल तर संसद डॉट इन या संकेतस्थळावर लोकसभेच्या भागात जा, सदस्याचं नाव निवडा, प्रश्न आणि चर्चा वेगवेगळ्या उघडा. जुन्या लोकसभांचं सगळं संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात आहे. मराठीत केलेलं भाषण नोंदीत बहुधा हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर म्हणून येतं, खाली तशी टीप असते, त्यामुळे मराठीत शोधून सापडलं नाही म्हणून 'बोललाच नाही' असं ठोकून देऊ नका. शून्य प्रहराच्या विषयाखाली दहा-पंधरा नावं 'संबद्ध' म्हणून दिसतात. त्यांनी फक्त चिठ्ठी दिलेली असते, ती मोजायचीच नाहीत.

मग विषय बघा. मुंबईचे खासदार शून्य प्रहरात खड्ड्यांवर, नाल्यांवर, कचऱ्यावर बोलतात. व्हिडिओ छान निघतो. पण ते महापालिकेचं आणि राज्याचं काम, केंद्रातला मंत्री त्यावर मान हलवण्यापलीकडे काय करणार? केंद्राच्या हातात मुंबईतलं जे आहे ते वेगळंच: लोकल, बंदर प्राधिकरणाच्या जमिनी, विमानतळाच्या जागेवरच्या झोपड्या, मिठागरं, एनटीसीच्या (राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या) गिरण्यांच्या चाळी, फनेल झोनमुळे (विमानांच्या ये-जा मार्गाखालच्या पट्ट्यामुळे) अडलेल्या इमारतींची उंची, आणि तुमच्या कांदिवली-मालाडमध्ये संरक्षण खात्याच्या डेपोशेजारी रखडलेले पुनर्विकास. यांवरचा एक नेमका पूरक प्रश्न खड्ड्यांवरच्या दहा भाषणांना भारी.

पूरक प्रश्न म्हणजे तारांकित, म्हणजे तोंडी उत्तर मागणाऱ्या, प्रश्नाला मंत्र्याने उत्तर दिल्यावर उभं राहून विचारलेला. लोकसभेत दिवसाला २० तारांकित प्रश्न यादीत असतात, पण ११ ते १२ या तासाभरात पहिले मोजकेच तोंडी उत्तराला येतात, बाकीच्यांना लेखी उत्तर. अतारांकित २३०, तेही लेखीच. प्रश्न यादीत येणं हा सोडतीचा खेळ आहे, म्हणून प्रश्नांच्या संख्येवरही भाळू नका. पूरक प्रश्न मात्र नशिबावर निभत नाही. मंत्री तयार उत्तर वाचतो, त्यातली फट तिथल्या तिथे पकडावी लागते: किती अर्ज फेटाळले, कोणत्या नियमाखाली, नवीन सर्वेक्षण कधी. मंत्री 'माहिती गोळा करून पटलावर ठेवू' म्हणाला की ते आश्वासन धरलं जातं, तीन महिन्यांत पुरं करायचं असतं, आणि त्यासाठी सरकारी आश्वासनांची वेगळी समिती आहे. शून्य प्रहरात मंत्र्यावर लगेच उत्तर देण्याचं बंधन नसतं. ३७७ ला मंत्रालयाकडून खासदाराला लेखी उत्तर येतं. म्हणून अहवाल वाटणाऱ्याला एकच सांगा: मंत्रालयाच्या पत्राची प्रत दाखवा. खासदाराने पाठपुरावा केला असेल तर ती त्याच्या फायलीत असते.

राम नाईक १९८९ ते २००४ उत्तर मुंबईचे खासदार होते, म्हणजे तुमच्याच भागाचे. स्तनपानाला उत्तेजन देणारं अशासकीय विधेयक (मंत्री नसलेल्या सदस्याने आणलेलं) त्यांनी मांडलं, पुढे सरकारनेच तो विषय उचलला आणि १९९२ मध्ये बाळांच्या डबाबंद दुधाच्या जाहिरातींना लगाम घालणारा कायदा झाला. आजच्या तक्त्यात ही कामगिरी 'अशासकीय विधेयके' या रकान्यात नुसता एक आकडा म्हणून बसली असती. तसं पाहिलं तर आजवर जेमतेम १४ अशासकीय विधेयकं कायदा झाली आणि शेवटचं १९७० मध्ये. पण विधेयक पडलं म्हणून ते फुकट गेलं, असंही नाही. राजापूरचे खासदार नाथ पै यांनी गोलकनाथ निकालानंतर (मूलभूत हक्क कमी करणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल) १९६७ मध्ये घटनादुरुस्तीच्या अधिकारावर मांडलेलं विधेयक मंजूर झालं नाही, पण त्या वादाचा अभ्यास करणारे त्याचा उल्लेख अजून करतात.

आता खासदारांच्या बाजूने दोन शब्द, नाहीतर मेहुणे म्हणतील मी एकतर्फी लिहिलं. बोलायचा वेळ पक्षाच्या संख्याबळानुसार वाटला जातो आणि नावं पक्ष ठरवतो, त्यामुळे लहान पक्षाच्या किंवा पक्षात मागे पडलेल्या खासदाराला मोठ्या विधेयकावर दोन-तीन मिनिटंच मिळतात. त्याने शून्य प्रहराचा आधार घेतला तर त्याला हसू नये. मंत्री प्रश्न विचारत नाहीत आणि हजेरीही लावत नाहीत, त्यांना या तक्त्यात मोजू नका. स्थायी समित्यांचं काम बंद दाराआड चालतं, तिथे रात्र-रात्र कागद वाचणाऱ्याचं या आकड्यात काही दिसत नाही. आणि सरासरीपेक्षा खूपच कमी आकडा असेल, वर्षानुवर्षं, तर मात्र त्याला काही सबब नाही.

हजेरीचं तुम्ही विचारलंत. हजेरी म्हणजे नुसती नोंद. ती झाल्यावर माणूस दिवसभर आत बसला की कँटीनमध्ये, ते त्यात कळत नाही.

मेहुण्यांची त्या खासदाराच्या कार्यालयात रोजची ऊठबस आहे. पत्राची प्रत आणतो म्हणाले होते, त्याला आता दोन गणपती झाले.