पाकिटावरचं पाच पैशांचं तिकीट आणि पोरीचे प्रश्न

प्रश्न: नमस्कार ताई, आम्ही अमळनेर तालुक्यातले. दिवाळीच्या आवराआवरीत सासऱ्यांची जुनी पत्र्याची पेटी उघडली तर त्यात कापसाच्या व्यवहाराची पत्रं निघाली, ७१-७२ सालातली. पाकिटांवर नेहमीच्या तिकिटाशेजारी अजून एक छोटं तिकीट आहे, त्यावर 'शरणार्थी सहायता' लिहिलंय. मुलगी पाचवीत आहे, ती मागेच लागली की हे कोण लोक, त्यांच्यात माझ्याएवढी पोरं होती का, ती राहायची कुठे. मला काही सांगता येईना. टीव्हीवर गाझाचं चालू असतं तेही ती बघते, आणि सासूबाई म्हणतात एवढ्याशा पोरीला हे सांगूच नको. काय करू?
— एक वाचक, ता. अमळनेर

उत्तर: ताई, सांगाच. सासूबाईंची काळजी मला कळते, पण पोरगी टीव्हीवर बघतेच आहे आणि सांगणारं कोणी नसलं तर ती मनानेच काहीतरी जोडत बसेल, ते जास्त वाईट.

आधी तिकिटाचं सांगते. १५ नोव्हेंबर १९७१ पासून सरकारने टपालावर पाच पैसे जास्तीचे लावले होते, निर्वासितांच्या खर्चासाठी. नवीन तिकिटं छापून येईपर्यंत कुटुंबनियोजनाच्या पाच पैशांच्या तिकिटावरच तो मजकूर छापून चालवलं, तुमच्याकडे तसं निघालं तर बघा. मार्च १९७३ पर्यंत हे चाललं. म्हणजे तुमच्या सासऱ्यांनी जिनवाल्याला पत्र टाकलं तरी त्यातले पाच पैसे पार बंगालच्या सीमेवर जात होते. तिकीट पाण्यात भिजवून सुटं करू नका, अख्खं पाकीट तसंच ठेवा, शिक्का आणि तारीख त्यावरच असते.

आता पोरांचं. २५ मार्च १९७१ च्या रात्री पाकिस्तानी लष्कराने ढाक्यात लोकांवर गोळीबार सुरू केला आणि त्यानंतर तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातून, आजच्या बांगलादेशातून, माणसं जीव मुठीत धरून भारतात यायला लागली. डिसेंबरपर्यंत जवळजवळ एक कोटी. मुलीला कसं सांगायचं तर असं सांगा की २०११ च्या जनगणनेत जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्हे मिळून ७९ लाखांच्या आसपास माणूस होता, म्हणजे आपला अख्खा खान्देश उठून चालायला लागला तरी कमीच भरेल. त्रिपुराची स्वतःची लोकसंख्या तेव्हा साडेपंधरा लाख आणि तिथे निर्वासित आले चौदा लाख!

पोरं पायी आली, भर पावसाळ्यात, चिखलातून, मोठ्या बहिणीच्या कडेवर धाकटं आणि डोक्यावर गाठोडं. बरीचशी सीमेजवळच्या छावण्यांमध्ये राहिली, काही नातेवाइकांकडे. कोलकात्याजवळ सॉल्ट लेकला तर गटारासाठी आणून टाकलेले सिमेंटचे मोठे पाइप होते, त्यात कुटुंबंच्या कुटुंबं राहिली. मोठा माणूस आत नीट उभा राहू शकत नाही अशा जागेत स्वयंपाक, झोप, आजारपण सगळं. मुलीला विचारा, अशा पाइपात तू दप्तर कुठे ठेवशील, तिला बरोबर कळेल.

आणि एक गोष्ट तिला नक्की सांगा, कारण युद्ध म्हटलं की पोरांना फक्त बंदूक दिसते. गोळीबारातून वाचून आलेली पोरं छावणीत कॉलऱ्याने गेली, घाण पाण्यामुळे. सीमेवरच्या बनगावच्या हॉस्पिटलात डॉ. दिलीप महालनबीस होते, पेशंट जमिनीवर पडलेले, सलाइनच्या बाटल्या संपत आलेल्या, शिरेतून सलाइन लावायला शिकलेली माणसंही पुरत नव्हती. तेव्हा त्यांनी ग्लुकोज, मीठ आणि खायचा सोडा मोजून पाण्यात मिसळला, ते पाणी ड्रममध्ये भरलं आणि नातेवाइकांनाच सांगितलं की कपाने पाजत राहा. आई, बहीण, जो कोणी सोबत असेल तो पाजायचा. जिथे शंभरातले तीसेक जात होते तिथे मरणाचं प्रमाण चार टक्क्यांच्याही खाली आलं. आपल्या आशाताई जुलाब लागले की ओआरएसची जी पुडी देतात, तिच्यावर तेव्हा अनेक डॉक्टरांचा विश्वास नव्हता, तो बसायला हे बनगाव फार कामी आलं. डॉक्टर २०२२ मध्ये गेले, पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. मला स्वतःला वाटतं हे नाव आपल्या पोरांना सेनापतींच्या नावाइतकंच पाठ पाहिजे.

१६ डिसेंबरला युद्ध संपलं आणि १९७२ च्या सुरुवातीच्या महिन्यांत बहुतेक लोक परत गेले, पण घरं जळालेली, गुरं गेलेली, काहींचे आईबापही नाहीत. 'मग ती पोरं सुखात राहिली' असं गोड करून सांगू नका, मुलांना खोटं लगेच कळतं.

आजचं विचारलं तर एवढंच सांगा की २०२४ च्या शेवटी जगात १२ कोटींवर माणसं अशी घर सोडून राहत होती आणि त्यात दर दहात चार लहान मुलं होती. टीव्हीवरची रक्ताची दृश्यं मात्र बंद करा, विशेषतः रात्री जेवताना. माहिती तुम्ही द्या, तुमच्या आवाजात, दिवसाउजेडी, आणि तिने मध्येच विषय बदलला तर बदलू द्या, दोन दिवसांनी ती परत येऊन विचारेल. झोपेत दचकायला लागली, शाळेत जायला घाबरू लागली आणि दोन-तीन आठवड्यांत ते कमी झालं नाही तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. आणि सासूबाईंनाही सोबत बसवा. ७१ मध्ये ब्लॅकआउट, रेडिओवरच्या बातम्या, गावातलं कोण सैन्यात होतं, हे त्यांना आठवत असेल तर ते नातीला त्यांच्याच तोंडून ऐकू द्या.