लिनक्स नसलेल्या कर्नलवरच्या डेबियन पोर्टसाठी इनिट कोणती निवडावी?

तुम्ही विचारलंय: हर्ड या ग्नूच्या कर्नलवर डेबियनची पॅकेजं चालवणारा पोर्ट (दुसऱ्या कर्नलवर आणलेली आवृत्ती) दोन-तीन जण मिळून सांभाळताय, डेबियनची नेहमीची इनिट (बूट होताना सगळ्यात आधी चालून बाकी सेवा सुरू करणारी प्रोसेस) म्हणजे सिस्टमडी तिथे चालत नाही; मग सिसव्हीइनिट, ओपनआरसी, रनइट की शेफर्ड?

सिसव्हीइनिट घ्या. ओपनआरसीचा विचार नंतर करता येईल.

सिस्टमडी पोर्ट करण्याच्या फंदात पडू नका. सीग्रुप्स (प्रोसेसचे गट करून त्यांच्यावर लक्ष ठेवणारी सोय), सिग्नलएफडी, टायमरएफडी, ईपोल या खास लिनक्सच्या सोयी ते गृहीतच धरतं. त्या प्रत्येकीला पर्याय लिहीत बसलात तर मूळ पोर्ट बाजूलाच राहील.

छोट्या पोर्टमध्ये खरी टंचाई असते माणसांची. डेबियनचा फ्रीबीएसडी कर्नलवरचा केफ्रीबीएसडी पोर्ट २०२३ मध्ये बंद झाला तो काम करणारे उरले नाहीत म्हणूनच. त्यामुळे इनिट किती देखणी आहे यापेक्षा सेवा सुरू-बंद करणाऱ्या तिच्या स्क्रिप्ट आधीच कोणी लिहून ठेवल्यात, हे मी पहिल्यांदा बघतो. डेबियनने फेब्रुवारी २०१४ मध्ये सिस्टमडी डीफॉल्ट ठरवलं, तरी त्याआधीच्या सिसव्ही स्क्रिप्टचा साठा मोठा आहे. पॅकेजांमधून आता त्या काढल्या जातात हे खरं, पण अशा टाकून दिलेल्या स्क्रिप्टसाठी ‘ऑर्फन-सिसव्हीइनिट-स्क्रिप्ट्स’ नावाचं पॅकेजच आहे. शिवाय या स्क्रिप्ट ज्यावर चालतात तो ‘स्टार्ट-स्टॉप-डीमन’ डीपीकेजी या डेबियनच्या पॅकेज बसवणाऱ्या प्रोग्रामसोबत येतो आणि त्यात हर्डसाठीचा कोड आधीपासून आहे.

ओपनआरसी सिसव्हीइनिटच्याच पीआयडी १ वर (म्हणजे पहिल्या प्रोसेसवर) बसू शकते आणि जुन्या स्क्रिप्ट चालवते, म्हणून पुढे तिकडे वळणं स्वस्तात पडतं.

रनइट मला मनापासून आवडते. प्रत्येक सेवेची एक डिरेक्टरी, तिच्यात ‘रन’ नावाची छोटी स्क्रिप्ट, आणि डीमन (मागे चालत राहणारी सेवा) थेट देखरेख करणाऱ्या प्रोसेसचं अपत्य. त्यामुळे सीग्रुप्सची गरजच पडत नाही. पण डेबियनच्या बहुतेक पॅकेजांत ‘रन’ स्क्रिप्ट नसते. ती तुम्हालाच लिहावी लागेल आणि पॅकेज बदललं की जपावीही लागेल. मोजक्याच सेवा असतील तर खुशाल घ्या.

शेफर्डचा उगम हर्डसाठी लिहिलेल्या डीएमडीत आहे. तुमचा पोर्ट डेबियनऐवजी गिक्स या वितरणावर असता तर मी डोळे मिटून तीच सुचवली असती. डेबियनवर मात्र बूट होणंच गाइल या स्कीम भाषेच्या रनटाइमवर अवलंबून राहील, आणि नव्या पोर्टवर एवढा मोठा रनटाइम कधी मोडेल याचा भरवसा नाही.

निवड पक्की करण्याआधी दोन गोष्टी तपासा. एक, पोरक्या प्रोसेस, म्हणजे ज्यांची जनक प्रोसेस आधीच संपली अशा. शेलच्या सबशेलमधून मागे एक ‘स्लीप’ सोडा, सबशेल संपू द्या आणि ‘स्लीप’ संपल्यावर ‘पीएस’ने प्रोसेसची यादी बघा. झोंबी (संपूनही यादीत राहिलेली प्रोसेस) उरली असेल तर पीआयडी १ तिला गोळा करत नाही, आणि पुढे प्रोसेस टेबल भरत जाईल.

दुसरी गोष्ट शटडाउन, आणि हर्डवर सगळ्यात जास्त वेळ हिला द्या. तिथे फाइल सिस्टम हीच एक साधी यूजरस्पेस प्रोसेस असते. बंद होताना ‘सगळ्यांना मारा’ असा सिग्नल गेला आणि त्यात एक्स्ट२एफएस ही फाइल सिस्टमची प्रोसेस सापडली, तर डिस्कवर लिहिणाराच नाहीसा होतो. म्हणून अशा प्रोसेसना ‘महत्त्वाची’ अशी खूण करून त्या सिग्नलमधून वगळावं लागतं. तुमची इनिट ही खूण मानते का, ते भरपूर लिखाण चालू असताना मशीन बंद करून बघा. पुढच्या बूटला एफएससीके (फाइल सिस्टम तपासणारी आज्ञा) कुरकुरली, तर आधी बंद होण्याचा क्रम दुरुस्त करा. सेवांच्या स्क्रिप्ट नंतर.